उजवीकडून उघडणारी पुस्तकं

दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला त्या हॉलमध्ये कुणीच बोलायचं नाही. वळकट्या गुंडाळून खाटांच्या डोक्याशी ठेवलेल्या असायच्या, पंखे सावकाश फिरायचे, आणि वरच्या जाळीतून येणारं ऊन चौकोनी तुकडे होऊन फरशीवर पडायचं. ते तुकडे एका खाटेखालून दुसऱ्या खाटेखाली सरकत जायचे. काचीगुडा स्टेशन मागच्याच गल्लीला. तिथली घोषणा आमच्यापर्यंत पोचेस्तोवर तिच्यातले शब्द गळून गेलेले असायचे, नुसता चढउतार उरायचा. कुठली गाडी, कुठला फलाट, काही कळायचं नाही. मला ती जागा आजही तशीच आठवते, अर्धवट झोपेत ऐकल्यासारखी. त्यामुळे काय आधी घडलं आणि काय नंतर, यात माझी थोडी गफलत होऊ शकते. पुस्तकांची गोष्ट मात्र नीट आठवते, कारण तिच्यात माझी चूक आहे.

तो बेघर माणसांसाठीचा निवारा होता. एक लहानशी धर्मादाय संस्था तो चालवते. बंद पडलेल्या शाळेचे दोन हॉल आहेत, एक पुरुषांचा, एक बायकांचा, आणि मध्ये स्वयंपाकाची पत्र्याची शेड. मी तेव्हा जामबागच्या एका कॉलेजात डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला होते. समाजसेवेचे तास भरून सर्टिफिकेट आणायचं होतं, म्हणून गेले. दुसरं काही मोठं कारण नव्हतं. असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

निवारा सांभाळणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत, त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेही. त्या तेलुगू. उंच, जाड भिंगाचा चष्मा, पदर कमरेला खोचलेला. त्यांची एक पद्धत होती. नवीन माणूस आला की तो कुठला, घर का सुटलं, घरी कोण आहे, असलं काही त्या पहिल्या दिवशी विचारत नसत. जेवण झालं की एकच प्रश्न विचारायच्या.

"हाताँ कू क्या आता?"

हाताला काय येतं. जे उत्तर मिळेल ते एका पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहून त्या माणसाच्या खाटेवरच्या खिळ्याला अडकवायचं. खाट चार, सुतारकाम. खाट अकरा, रंगकाम. बायकांच्या हॉलमध्ये एका कार्डावर 'ज्वारीच्या भाकरी' होतं, तिच्या शेजारी 'आजाऱ्याची देखभाल'. पुढं जे काही व्हायचं, म्हणजे काम शोधणं, बँकेचं पुस्तक, आधार कार्ड, खोली, ते सगळं त्या कार्डावरून सुरू व्हायचं. माणूस पायावर उभा राहून निघाला की कार्ड सोबत घेऊन जायचा. मग खिळा रिकामा दिसायचा.

पहिल्या दिवशी अक्कांनी मलाही तोच प्रश्न विचारला. मी गडबडले. मला काय येतं? परीक्षेत पास होता येतं. पण ते हाताचं काम नव्हे.

"लिहिता येतं," मी म्हणाले.

"मग कार्डं तू लिही. माझं अक्षर मलाच नंतर लागत नाही."

आम्ही सगळे दखनीत, म्हणजे इथल्या हिंदी-उर्दूतच बोलायचो, मध्ये तेलुगू. मी इथं मराठीत लिहिते आहे, पण काही वाक्यं माझ्या कानात जशीच्या तशी आहेत, ती बदलवत नाहीत.

खाट नऊवर एक चाचा होते. साठीच्या आसपासचे असावेत. अंगानं बारीक, दाढी पांढरी, बोटं मात्र लांब आणि टोकाशी चपटी झालेली. ते आले त्या दिवशी अक्कांनी विचारलं, तर म्हणाले, "कुछ नईं आता."

"काहीतरी तर करत असाल ना?"

"करता था. अब नईं आता."

अक्कांनी वाद घातला नाही. मी कोरं कार्ड अडकवलं. तीनेक आठवडे ते कोरंच राहिलं. चाचा सकाळी उठून खाट आवरायचे, शेडमध्ये जाऊन तांदूळ निवडून द्यायचे आणि दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. झोपलेले नसायचे. पाठीवरून कळायचं.

माझ्याकडे एक पाठ्यपुस्तक होतं, कोटी भागातल्या रस्त्यावर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतलेलं. माझ्या आधी ते किती जणांनी वापरलं होतं कोण जाणे. मधली पानं सुटून बाहेर यायची, मी त्याला केसांचं रबर लावून ठेवायची. एका दुपारी अक्का बाहेर गेल्या होत्या म्हणून मी हॉलच्या दाराशी वाचत बसले होते. रबर तुटलं. पानं पंख्याच्या वाऱ्यानं खाटांखाली पसरली. मी वाकून गोळा करत होते, तेवढ्यात चाचा उठले, दोन-चार पानं उचलून दिली. मग हात पुढे केला. पुस्तक दे, असा. मी दिलं. त्यांनी त्याचा कणा बोटानं चाचपला, जसा डॉक्टर पोट चाचपतो.

"कौन सिया इसकू? मोची?" ते म्हणाले.

दोन दिवसांनी पुस्तक परत मिळालं. नवा दोरा, आत साध्या वर्तमानपत्राचं अस्तर, वर निवाऱ्यातल्याच बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा. दाभण त्यांनी गल्लीतल्या पोती शिवणाऱ्याकडून मागून आणलं होतं आणि खळ शेडमधल्या मैद्याची. ते मी उघडलं तर कुठंही उघडायचं आणि उघडलेलंच राहायचं, शांत, हात न लावता. मला एवढी साधी गोष्ट इतकी आवडेल असं वाटलं नव्हतं. त्या रात्री घरी आईनंही ते दोन-तीनदा उघडून मिटून पाहिलं. तिला वाचता येत नाही.

अक्कांनी ते पुस्तक हातात घेतलं, वरून खालून पाहिलं आणि मला फक्त मार्कर दिला. मी कार्डावर तेलुगूत लिहिलं, खाली हिंदीत लिहिलं, जिल्दसाज. म्हणजे पुस्तकं बांधणारा. चाचा माझ्या मागे उभे होते.

"क्या लिखे?"

मी वाचून दाखवलं. ते थोडा वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिले. तेव्हा मला कळलं की आयुष्यभर पुस्तकं बांधणाऱ्या या माणसाला कुठलीच लिपी वाचता येत नाही.

हळूहळू बाकीचंही कळलं. जुन्या शहरात एका बांधणीच्या दुकानात ते लहानपणी लागले. तिथंच काम, तिथंच मागच्या फळीवर झोपणं. मदरशांची पुस्तकं, घराघरांतली जुनी उर्दू पुस्तकं, वह्या, सगळं तिथं बांधायला यायचं. मालक गेले, मुलांनी दुकान विकलं. दुकानाबरोबर चाचांचं छप्परही गेलं. काही दिवस स्टेशनबाहेर काढले. तिथून अक्कांनी आणलं.

"घर मोडलं नाही त्यांचं," अक्का मला एकदा म्हणाल्या, "दुकान मोडलं. दुकान लागलं पाहिजे."

ते दुकान अक्कांनीच शोधलं. आमच्या कॉलेजच्या पाठच्या गल्लीत एक प्रेस आहे. लग्नपत्रिका छापतात, विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टच्या जाड कव्हरवर सोनेरी अक्षरं उमटवून देतात. मालक सगळ्यांना 'साब' म्हणायचे, पण आवाज असा की समोरच्याला आपण साब नाही हे लगेच कळावं. त्यांचा बाइंडर गावी निघून गेला होता. अक्का गेल्या, बोलल्या. मालक म्हणाले, "निवाऱ्यातला माणूस? आज आहे, उद्या नाही. आधी काम दाखवा, मग बघू. कोपरा रिकामाच आहे."

काम मी आणलं. आमच्या वर्गाचे प्रोजेक्ट रिपोर्ट जमा करायचे होते, छत्तीस. तीन वर्षांत मी वर्गात स्वतःहून एकदाही बोलले नव्हते. त्या दिवशी उठून म्हणाले की माझ्या ओळखीचे एक कारागीर आहेत, सगळ्यांचं एकत्र दिलं तर चांगलं होईल. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "सोमवारी दुपारपर्यंत माझ्या टेबलावर हवेत. जबाबदारी तुझी."

ठरलं असं होतं. चाचा निवाऱ्यात शिवतील, पुठ्ठे चढवतील, शनिवारी प्रेसवर नेतील. मालक काम पाहतील, अक्षरं उमटवतील, आणि पसंत पडलं तर तो कोपरा चाचांचा.

आता माझी चूक.

हॉलमध्ये दोन खाटा बाजूला सारून खाट चारवरच्या सुताराने चाचांना एक फळी टाकून दिली होती. मी गुरुवारी गेले तेव्हा पाच रिपोर्ट शिवून झाले होते. ऊन नेमकं त्या फळीवर आलं होतं. चाचा मेणाच्या तुकड्यावरून दोरा ओढत होते, एकाच लयीत, आणि खळीचा तो गोडसर वास. मला गुंगी आल्यासारखं झालं. मी वरचा रिपोर्ट उचलला. कॉलेजचं चिन्ह वर होतं, बरोबर होतं. पण शिवण उजव्या काठाला होती. पान उलटायला गेले तर ते उजवीकडे उलटलं. आणि ओळींची शेवटची अक्षरं शिवणीलगतच्या घडीत लपत होती.

मी पाहिलं. हे मला स्पष्ट सांगायला हवं. मला शंका आली नाही असं नाही. मी ते हातात धरून उभी राहिले आणि मनात म्हणाले, पुठ्ठा चढला की फिरवत असतील. कामाची काही पद्धत असेल. आयुष्यभर ज्यानं हेच केलं त्याला मी काय सांगणार? रिपोर्ट परत ठेवला.

"कैसा है?" चाचांनी विचारलं.

"अच्छा है," मी म्हणाले.

याचं कारण मी नंतर खूप शोधलं. आमचे बाबा सरकारी ऑफिसात अटेंडर आहेत, या टेबलावरची फाइल त्या टेबलावर नेतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. घरी कुठलाही कागद आला, विजेचा, बँकेचा, दवाखान्याचा, की तो माझ्यापुढे ठेवतात. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आहे, तिच्याखाली बसून मी तो वाचते, आणि बरेचदा कळला नाही तरी मान डोलावते. सगळ्यांना केवढं हायसं वाटतं. बाहेर मात्र उलटं. बाहेर मला कळलं तरी मी गप्प बसते, कारण समोरच्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार असं वाटतं. घरात न कळता मान डोलवायची, बाहेर कळूनही डोलवायची. मान डोलवण्याचा सराव मला फार होता.

शनिवारी आम्ही ऑटोतून छत्तीस पुस्तकं प्रेसवर नेली. निळ्या रेक्झिनचे पुठ्ठे, कोपरे असे की बोट फिरवलं तर कुठं अडकू नये. चाचांनी धुतलेला शर्ट घातला होता. मालकांनी एक पुस्तक उचललं, कोपरे दाबून पाहिले, मान हलवली. मग उघडलं. पुन्हा मिटलं. पलटून पाहिलं. पुन्हा उघडलं.

"साब," ते चाचांना म्हणाले, "ये कॉलेज की किताब है कि दादाजान की शायरी?"

दुकानातली दोन माणसं हसली. चाचांना कळलंच नाही. मालकांनी दुसरं उघडलं, तिसरं उघडलं.

"छत्तीस के छत्तीस उल्टे! अरे, इंग्रजी बाएँ से खुलती है, मियाँ. कौनसे नवाब के जमाने से आए तुम?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मशीनच्या पायाशी सोनेरी कागदाचे बारीक तुकडे पडले होते, ते वाऱ्यानं हलत होते. मला अजून ते तुकडे दिसतात.

"घेऊन जा," मालक म्हणाले. मग अक्कांची भीड असेल, किंवा त्या कोपऱ्यांची, म्हणाले, "सोमवार सुबह दस बजे तक सीधे करके लाए तो देखता हूँ. नहीं तो दूसरा आदमी रख लेता हूँ. मेरेकू भी धंधा करना है."

परतल्यावर चाचा तडक हॉलमध्ये आले, खिळ्यावरचं कार्ड काढलं आणि अक्कांच्या हातात दिलं.

"मैं बोला था. कुछ नईं आता."

ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. पाठ पुन्हा तशीच. मला वाटलं, आता हे उद्या सकाळी उठून निघून जातील, स्टेशनबाहेर, आणि ती पाठ मला रोज येता-जाता दिसेल. अक्का कार्ड हातात धरून उभ्या होत्या. त्या काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली.  त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही माहीत नव्हतं, पण माझा चेहरा त्यांना दिसत होता.

मी खाटेजवळ जाऊन फरशीवर बसले.

"चाचा, मी गुरुवारी पाहिलं होतं."

पाठ हलली नाही.

"पाचच झाले होते तेव्हा. मला दिसलं उलटं आहे म्हणून. मी बोलले नाही."

 स्टेशनची घोषणा झाली, संपली. मग ते उठून बसले.

"देखी थी?"

"हौ."

"फिर बोली काइकू नईं?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही उस्ताद आहात."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. त्यांच्या गळ्यातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की कसला, ते मला सांगता येणार नाही.

"और मैं समझा, बच्ची पढ़ी-लिखी है. उसकी किताब है. गलत होता तो बोलती ना. मैंने पूछा भी. कैसा है, पूछा ना मैं?"

"पूछे."

"अच्छा है बोली."

"हौ."

"वाह," चाचा म्हणाले. "दोनों उस्ताद."

मागून अक्का हसल्या. मग चाचाही. मला रडू येत होतं, पण त्यांच्या हसण्यात ते मध्येच राहिलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात कधी आलंच नसतं. माझं पाठ्यपुस्तक शिवताना त्याला जुना कणा होता, म्हणून बाजू आपोआप कळली. हे सुटे कागद. चिन्हाचं पान वर ठेवलं आणि हात जिथं जायचा तिथं गेला, उजवीकडे. "और वो हाशिया," ते म्हणाले. कागदाच्या डाव्या बाजूला रुंद कोरी जागा होती. ती शिवणीसाठी सोडतात हे आम्हाला शिकवलं होतं. पण त्यांनी बांधलेल्या जुन्या पुस्तकांत रुंद कोरी जागा बाहेरच्या बाजूला असायची. वाचणाऱ्याला काही सुचलं तर त्यानं तिथं लिहावं म्हणून. त्यांना वाटलं होतं, कॉलेजनं मुलांसाठी किती मोठी जागा सोडली आहे.

 आमच्या रिपोर्टमध्ये कुणी काही लिहील असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नव्हतं. सर तरी वाचतील का, याचीच शंका होती.

चाचांनी एक पुस्तक मागवून घेतलं. शिवणीवर नख फिरवलं, मग उजव्या काठावर आपलं बोट आडवं ठेवून पाहिलं. "इधर के छेद काट देंगे," ते म्हणाले. "एक उँगली. अक्षर कू धक्का नईं लगता. फिर उधर से सीते." थांबून मला म्हणाले, "तू खोल. तेरे हात से. एक-एक."

रविवारी मी सकाळीच गेले. आईनं विचारलं, कॉलेज बंद असताना कुठं? मी तिला सगळं सांगितलं, गुरुवारचंसुद्धा. ती म्हणाली, "मग जा ना लवकर, उभी काय राहिलीस?" आणि डब्यात जास्तीच्या चपात्या घातल्या.

तो दिवस मला एखाद्या लांबलचक दुपारसारखा आठवतो, जणू त्याला सकाळ-संध्याकाळ नव्हतीच. पुठ्ठे आणि दोरा काढलेला प्रत्येक गठ्ठा मी माझ्या हातानं उघडायची, जसा वाचायला उघडतात तसा, आणि डाव्या काठावर पेन्सिलीनं एक ठिपका द्यायची. चाचा ठिपक्याला दाभण लावायचे. सुतारानं दोन फळ्या स्क्रूनं आवळून शिकंजा करून दिला होता, त्यात पुस्तक घट्ट धरून चाचा उजवा काठ रापीनं कापायचे. जुन्या छिद्रांसकट कागदाची लांब पट्टी वळून खाली पडायची. संध्याकाळपर्यंत खाटेखाली त्या पट्ट्यांचा ढीग झाला. बायकांच्या हॉलमधली भाकरीवाली मावशी खळ ढवळत म्हणाली, "मुलांच्या अभ्यासाच्या शेवया केल्या तुम्ही." कुणीतरी तिला तेलुगूत काही उत्तर दिलं, सगळे हसले, मला कळलं नाही. मी विचारलं, काय म्हणाले? ही गोष्ट लहान आहे, पण मी विचारलं, म्हणून लिहिते आहे.

सोमवारी दहाला दहा कमी असताना आम्ही प्रेसवर होतो. मालकांनी एक पुस्तक उघडलं. डावीकडून उघडलं. त्यांनी अंगठा उजव्या काठावरून वर नेला, खाली आणला.

"मशीन पे काटे?"

"हाथ से."

"छत्तीस?"

"जी."

 मालकांनी पहिलं पुस्तक मशीनमध्ये सरकवलं आणि दांडा ओढणार, तेवढ्यात चाचा पुढे झाले.

"अद्धी उँगली बाएँ लो, साब. किताब छोटी हुई ना. अक्षर बाजू कू दिखता."

दुकानातली ती दोन माणसं मालकाकडे पाहायला लागली. मालकांनी चाचांकडे पाहिलं, मग मशीनकडे. पुस्तक अर्धं बोट डावीकडे सरकवलं. दांडा ओढला. निळ्यावर सोनेरी अक्षरं नेमकी मधोमध उमटली. त्या अक्षरांतलं एकही चाचांना वाचता येत नव्हतं.

"पस्तीस और हैं," मालक म्हणाले, "वहीं खड़े रहो."

कॉलेजात सरांनी रिपोर्ट हातात घेऊन विचारलं, हे अरुंद का? मी खरं काय ते सांगितलं, सगळ्यांसमोर, अडखळत. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, आमचे रिपोर्ट डाएटवर होते." सर हसले आणि ठेवून घेतले. ते पुढं वाचले की नाही, ते अजून मला माहीत नाही.

चाचा त्या दिवशी लगेच निवाऱ्यातून गेले नाहीत. अक्कांचा नियम होता, काम लागलं तरी दोन महिने खाट सोडायची नाही. माणसं घाईनं बाहेर पडतात आणि परत फुटपाथवर येतात, असं त्या म्हणायच्या. त्या दोन महिन्यांत बँकेचं पुस्तक झालं, आधारवर पत्ता चढला. फॉर्म मी भरले. प्रत्येक रकाना चाचांना वाचून दाखवला, आणि जो मला कळला नाही तो कळला नाही म्हणून सांगितलं. मग आम्ही दोघं अक्कांकडे जाऊन विचारायचो. शेवटी सुतार आणि चाचा यांनी मिळून बरकतपुऱ्याच्या बाजूला एक खोली घेतली. निघताना चाचांनी कार्ड खिळ्यावरून काढून शर्टाच्या खिशात ठेवलं. ते खिशाबाहेर निम्मं दिसत होतं.

मी आता डिग्रीनंतरचं शिक्षण घेते आहे. मागच्या महिन्यात माझ्या नव्या रिपोर्टचे कागद घेऊन प्रेसवर गेले. कोपऱ्यात ट्यूबलाइटखाली चाचा होते, समोर तीन-चार मुलं रांगेत. प्रत्येकाला ते तेच सांगत होते. मुलं घाईत, "अंकल, लवकर," म्हणत कागद पुढे ढकलायची. चाचा कागदाला हातही लावायचे नाहीत.

"पहले खोलके बताओ."

"काय खोलून?"

"पढ़ते ना? पढ़ने कू जैसा खोलते, वैसा खोलो. अपने हात से."

मुलं एकमेकांकडे बघत, हसत, गठ्ठा उघडायची. मग चाचा पेन्सिलीचा एक ठिपका द्यायचे. त्यांच्यामागे भिंतीवर, लग्नपत्रिकांच्या नमुन्यांमध्ये, माझ्या अक्षरातलं कार्ड खिळ्याला लटकत होतं. कडांना खळ लागून ते पिवळं पडलं होतं.

माझी पाळी आली. मला वाटलं, मला तरी ते विचारणार नाहीत. मी कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी मान वर केली, मला ओळखलं, डोळे हसले. हात मात्र मांडीवरच होते.

"खोल," ते म्हणाले.

मी उघडलं.